शेकाट्याचा डोळा

हमरापुरात दिनानाथ म्हात्रे म्हणजे डोळ्यांचा माणूस. कारखान्यात गणपतीची मूर्ती कुणीही घासावी, कुणीही रंगवावी. डोळ्यांची आखणी मात्र दिनानाथनेच करायची. बुबुळात उजवीकडे वर त्याने पांढरा ठिपका टेकवला की मूर्ती बघायला लागते, असं गिऱ्हाइकं सांगत. एवढा मान असून गडी सुखी नव्हता. कारण रोह्याचा निकेश.

दिनानाथला फोटोंचा नाद. सवड मिळाली की जुना कॅमेरा घेऊन मिठागराच्या चिखलात पालथा. निकेशलाही तोच नाद, पण तो कंपनीत कामाला. शिफ्ट संपली की हातभर लांब लेन्स घेऊन खाडीवर हजर. रोह्यातल्या पक्षीमंडळाच्या स्पर्धेत तीन वर्षं पहिला नंबर त्याचाच, दिनानाथ आपला उत्तेजनार्थ. बरं, माणूस वाईट असता तरी परवडलं असतं. लेकाचा भेटला की आपणहून चहा पाजायचा, कुठल्या बांधावर कुठला पक्षी उतरलाय ते सांगायचा. दिनानाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो त्याच्या लेन्सवर जळायचा, नंबरावर जळायचा, अगदी त्याच्या दाट केसांवरसुद्धा. ताटावर बसलं तरी ह्यांच्या तोंडात घास कमी आणि निकेशच जास्त, असं बायको सरू म्हणायची.

यंदा नशीब फळफळलं. मिठागरात शेकाट्या, तो लांब लाल पायांचा पक्षी, एका पायावर उभा आणि खाली पाण्यात तस्साच दुसरा. दिनानाथने टिपला, फक्त फोटोत डोळा तेवढा विझलेला, बिनचमकीचा. प्रिंट घरी आली आणि दिनानाथचा हात शिवशिवला. स्पर्धेच्या फोटोला हात लावायचा नाही हा नियम त्याला चांगला ठाऊक होता. तरी बारीक ब्रशने ठिपका टेकवलाच.

पहिला नंबर! परीक्षकांनी डोळ्याचंच कौतुक केलं. बक्षिसं वाटायच्या आधी निकेश त्या फोटोपुढे उभा राहिला तो हलेचना. त्याचा यंदा दुसरा. जळ लेका, आता तू जळ, दिनानाथ मनात म्हणाला.

निकेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "दिनाभाऊ, ऊन डावीकडनं हाय. डोळ्यातली चमक उजवीकडं कशी?"

दिनानाथ झटकन फोटोपुढे वाकला. हाताची सवय! हजारो गणपतींना जिथे ठिपका, तिथेच शेकाट्याला.

"घाबरू नका, मी कुणाला बोलणार नाय," निकेश म्हणाला. "येवढा पक्षी टिपलात, नंबर तुमचाच."

पाठीवर हात ठेवून तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला, आणि इकडे दिनानाथचं डोकं फिरलं. नंबर ह्यानेच सोडायचा आणि वर मोठेपणाही ह्यानेच घ्यायचा? आणि आपण जन्मभर ह्याचे मिंधे? छे! नाव पुकारल्यावर तो ताडताड मंचावर गेला आणि माइक ओढून ठिपक्याची सगळी हकिकत सांगून मोकळा झाला.

पहिला नंबर निकेशला गेला. तरी लोकांना वाटलं, काय प्रामाणिक माणूस! टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता तो निकेशच.