गोठ्यात ठरलेली सुई

माझ्या आईने मला फसवले. पोलादपुरात बकऱ्यांचा धंदा मी शून्यातून उभा केला, भल्याभल्या दलालांना पाणी पाजले. पण फसलो कुठे, तर घरच्याच गोठ्यात!

स्वाइन फ्लूची बोंब झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. महाडचे आमचे डॉक्टर म्हणाले, "साठीपुढचे, दमेकरी, साखरवाले, गरोदर बाया, लहान मुलं, यांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यावी." मी फक्त 'साठीपुढचे' ऐकले. आई सत्तरीची. (मला साखर होती, पण तो विषय घरात कोणी काढायचा नाही, असा माझा हुकूम होता.)

"आये, चल महाडला. सुई टोचून घे."

"नाय रे बाबा! मला भ्या वाटतं."

"बकऱ्यांना मी दरसाल टोचतो, त्या घाबरतात काय?"

"त्यांना इचारतंय कोण?"

चार दिवस घसा फोडला. पाचव्या दिवशी गोठ्यात तिनेच पदराखाली हात पुढे केला. आमच्या धंद्यात कापडाखाली हातात हात दिला की सौदा पक्का. मागे फिरणाऱ्याला बाजारात कोणी उभे करत नाही.

"आधी तू, मंग मी. हाय मंजूर?"

"मंजूर!" (आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता!)

त्याच दिवशी महाडच्या दवाखान्यात मी बाही वर केली. सुई घुसली आणि माझी आरोळी कशेडी घाटापर्यंत गेली.

"आता हिला!"

"आजींना?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना परवाच दिली की! सूनबाई घेऊन आल्या होत्या. वर्षातून एकदाच लागते."

मी आईकडे पाहिले. ती शांतपणे पदर सावरत होती.

"साखर हाय तुला. सूनबाई बोलली मला. सरळ सांगून आला असतास?"

"पण सौदा काय ठरला होता? आधी मी, मग तू!"

"मंग? पुढल्या साली घेईन की तुझ्या मागनं!"

आणि दर वर्षी तसेच होते. पावसाआधी ती पदर पुढे करते, मी हात देतो, आधी मला टोचतात, मग तिला. ताप माझ्याकडे फिरकलेला नाही, तो मुद्दा वेगळा! पहिल्या वर्षी ठरावाआधीच सुई घेऊन तिने सौदा मोडला कसा? आई, बायको, डॉक्टर, तिघांपैकी कोणीतरी जबाब दिलाच पाहिजे! साक्षीदार म्हणून गोठ्यातल्या बकऱ्या तेवढ्या हजर होत्या. पण त्यांना दरसाल मीच टोचतो, त्या कशाला माझ्या बाजूने बोलतील?