कमानीचा फुगलेला खांदा

विद्यापीठात सगळे त्यांना पूलबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. उभी हयात बांधकाम खात्यात पूल बांधण्यात आणि बांधलेले पूल धड उभे आहेत ना हे बघण्यात गेली होती. निवृत्तीनंतर बरोबरीचे लोक सकाळचे फिरायला लागले, नातवंडांत रमले, गुडघ्यांची तुलना करू लागले. पूलबाईंनी पीएच.डी.ला नाव घातलं.

शहराबाहेरच्या कालव्यावर एक जुना दगडी पूल होता. एका ओळीत सारख्या कमानी, अर्ध्या गोलापेक्षा बसक्या, दिसायला देखण्या. तरुणपणी खात्याच्या जीपमधून त्यावरून जाताना पूलबाईंना दर वेळी वाटायचं, हे तर लंबवर्तुळ आहे! मग तो बांधणाऱ्या गवंड्यांना ते ठाऊक होतं का? गणित त्यांच्या डोक्यात होतं, की आपणच आपल्या चष्म्यातून ते दगडात बघतो?

हा प्रश्न कुठल्याच विभागात मावेना. अभियांत्रिकीवाले म्हणाले, हा इतिहास झाला. इतिहासवाले म्हणाले, हे गणित आहे, आमच्या गळ्यात कशाला? गणितवाल्यांनी कागद वाचला, हसले आणि वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञान विभागात पाठवून दिलं. लग्नाला आलेलं पण कुणाकडचं ते न कळलेलं पाहुणं जसं या पंगतीतून त्या पंगतीत फिरतं, तसा तो विषय वर्षभर फिरला. शेवटी दोन मार्गदर्शक मिळाले. एक तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका. वयाने पूलबाईंपेक्षा बऱ्याच लहान, आवाज मऊ, आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न : "म्हणजे?" मुलांनी त्यांचं नाव म्हणजेबाई ठेवलं होतं. दुसरे इतिहासाचे सर. त्यांना पुराव्याशिवाय चहासुद्धा गरम वाटत नसे.

मापं घ्यायला पूलबाई आपल्या नवऱ्याला घेऊन गेल्या. त्यांचं औषधांचं दुकान होतं. दुकान बंद असायचं त्या दिवशी, कालव्याचं पाणी दुरुस्तीसाठी बंद केलेलं असताना, दोघं कमानीखाली उतरत. पद्धत साधी होती. कमान जिथून उठते तिथे एका बाजूच्या जुन्या लोखंडी कडीला दोर बांधायचा, दुसऱ्या बाजूला कडी नव्हती, तिथे नवरा दोर ताणून उभा. मग पूलबाई दोरापासून वर कमानीच्या पोटापर्यंत किती उंची भरते ते काठीने ठिकठिकाणी मोजत.

मधली मापं लंबवर्तुळावर अशी बसली, की पूलबाई चिखलात उभ्या राहून हसल्या. पायथ्याजवळचीही बसली. फक्त दोन्हीकडच्या खांद्यांशी, म्हणजे पायथा आणि माथा यांच्या अधेमधे, उंची चार बोटं जास्त भरत होती.

"अहो, दोर सैल सोडलात."

"सैल? अगं, यावर ओल्या चादरी वाळत घाल, इतका ताठ आहे."

"मग उंची जास्त का येतेय? दोर खाली झुकला की उंची वाढते. साधं आहे."

"असेल बाई. हात भरून आलेत माझे."

पूलबाईंनी खांद्याजवळची मापं बाद केली. त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. खात्यात सगळ्यांचा तोच शिरस्ता होता. शंभर मापांत पाच-सात भरकटतात. कुणाचा धक्का लागतो, कुणी चुकीचं वाचतं, उन्हाने फीत वाढते. ती उचलून बाजूला टाकायची आणि बाकीच्यांवरून रेघ ओढायची. तांदळातले खडे निवडताना खडा कुठल्या डोंगरातला आहे, याची चौकशी कुणी करत बसत नाही.

रेघ सुरेख आली. त्या बळावर लेख झाला, एका परिषदेत व्याख्यान झालं, टाळ्या पडल्या. आणि घरात एक विनोद कायमचा मुक्कामाला आला. नणंद आली की हमखास विषय निघे.

"वहिनी, दादाच्या हातात दोर दिलास कसा तू? लहानपणी याने पतंगसुद्धा धड धरला नाही कधी."

"चार बोटं सैल," पूलबाई म्हणत. "पुलाच्या हिशेबात फार होतात हो चार बोटं."

नवरा चहा ढवळत असे. "औषधं मोजताना माझा हात कधी हलला नाही," असं एकदा ते म्हणाले होते. पण ते इतक्या हळू, की हसण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पूलबाईंना गेलं होतं. त्यांनी साखर विचारली.

प्रबंध जवळजवळ बांधायला गेला होता. सादर करण्याआधीची शेवटची बैठक तेवढी राहिली होती. ती विभागाच्या छोट्या खोलीत झाली. खिडकीचं एक तावदान फुटलेलं, त्याला पुठ्ठा लावलेला, टेबलाचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली घडी घातलेला कागद. पूलबाईंनी आलेख दाखवला. इतिहासाच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला.

"इथे ठिपके नाहीत. दोन्ही खांद्यांशी मोकळं आहे."

"तिथली मापं बाद केली सर. तळटीप दिलीय."

"बाद म्हणजे टाकली?"

"टाकलीच. चुकीची होती."

"इंजिनिअरीणबाई, आमच्याकडे टाकलेल्या वस्तूंवरच पोट चालतं. खापर, कचरा, फुटकी भांडी. तुम्ही नेमकं तेच फेकून देता."

पूलबाई हसल्या. "सर, यात इतिहास नाही. आमच्या ह्यांनी दोर सैल धरला होता, एवढंच."

"म्हणजे?" म्हणजेबाईंनी विचारलं.

"म्हणजे सैल. ढिला. झोळ पडतो ना मध्ये, तसा."

"मध्ये?"

"हो, दोर सैल असला की सगळ्यात जास्त मध्येच झुकतो. दोन्ही टोकांना धरलेला असतो, त्यामुळे तिथे..."

पूलबाई थांबल्या. त्यांची नजर आलेखावर गेली. मध्ये ठिपके रेघेवर नीट बसले होते. एकही खाली नाही, वर नाही. दोर झुकला असता, तर गडबड आधी तिथे दिसली असती. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यांनी हे फळ्यावर काढून दाखवलं असतं आणि त्याला कळलं नसतं, तर त्याचे गुण कापले असते.

"मी सहज विचारलं," म्हणजेबाई म्हणाल्या. "मला दोरांतलं काही कळत नाही."

"हो," पूलबाई म्हणाल्या आणि आलेख गुंडाळायला लागल्या. तो नीट गुंडाळला जाईना.

घरी जाताना त्यांनी सगळं सरळ मांडून पाहिलं. प्रबंध आहे तसा दिला, तर कुणी अडवणार नव्हतं. तळटीप होती, लेख छापून आला होता, सरांचा शेरा बोलण्यातला होता. पदवी मिळाली असती. परत मोजलं आणि खांदे खरोखरच फुगलेले निघाले, तर कमानी लंबवर्तुळाच्या नव्हत्या. मग लेख गेला, मुख्य प्रकरण गेलं, आणि साठी ओलांडलेल्या बाईने नव्याने मुदत मागायची. घरातल्या विनोदाचं काय करायचं, हा मुद्दा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पण घराचा जिना चढताना तोच पुढे आला.

जेवताना त्या म्हणाल्या, "कालव्याचं पाणी पुन्हा बंद केलंय म्हणे. एकदा जाऊन यायला हवं."

"मी नाही येत."

"का?"

"परत सैल म्हणशील. आता या वयात नवीन नाव नको मला."

"या वेळी दोर मी धरते. काठी तुम्ही लावा."

नवऱ्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. "गंबूट काढून ठेव माझे," ते म्हणाले.

दोराचं टोक पूलबाईंनी मनगटाला वेटोळं देऊन धरलं आणि टाच दगडाला टेकवून ताणलं. थोड्याच वेळात तळव्याला दोर काचायला लागला. पलीकडे नवरा काठी लावून आकडा वाचत होता, दुकानात चिठ्ठी वाचावी तसा, एकसुरी आणि स्पष्ट. मधलं माप आलं, जुन्याशी जुळलं. खांद्याशी आले. त्यांनी वाचलं, मग काठी काढून पुन्हा लावली आणि पुन्हा वाचलं.

चार बोटं जास्त.

"तू सैल सोडलायस," ते म्हणाले.

"नाही हो."

"बघ हं. चादर घालून बघू का?"

पूलबाईंना हसू आलं नाही. "पलीकडचा खांदा बघा."

तिथेही तेवढंच. पुढच्या कमानीखालीही तेवढंच, त्याच्या पुढच्याही. चूक इतकी शिस्तीची नसते, हे पूलबाईंना माहीत होतं. त्यांनी दोर सोडला, कालव्याच्या रिकाम्या तळातली एक सपाट जागा पायाने साफ केली आणि तीन खुंट्या ठोकल्या. मधली बरीच खाली, दोन बाजूंना दोन. नवऱ्याला दोराचं टोक खुंटीशी दाबून धरायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाने चिखलात रेघ ओढली. बाजूच्या खुंटीवरून छोटा गोलावा, मधल्या खुंटीवरून मोठा, परत दुसऱ्या बाजूचा छोटा. तिन्ही तुकडे एकमेकांत विरघळले. दुरून पाहिलं तर कुणीही लंबवर्तुळ म्हणालं असतं. फक्त छोटा गोलावा जिथे मोठ्याला भेटत होता, तिथे खांदा जरा फुगत होता.

खुंट्या थोड्या सरकवून पाहिल्या, तेव्हा फुगवटा पुलाइतका आला.

"म्हणजे त्यांनी असं केलं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"असंच दिसतंय. तीन खुंट्या आणि एक दोर. लंबवर्तुळ त्यांना लागलंच नाही. मलाच हवं होतं ते."

नवरा दोर गुंडाळायला लागला, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये, सावकाश.

"म्हणजे मी सैल धरला नव्हता."

"नाही."

"पहिल्या दिवसापासून नव्हता."

"नाही हो. चुकले मी."

दोर गुंडाळून झाला. त्याला गाठ मारून तो त्यांनी खांद्याला अडकवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्या बहिणीला मात्र तू सांगायचंस. मी सांगितलं तर म्हणेल, दादा नव्याने थापा मारतोय."

पूलबाईंनी त्याच संध्याकाळी नणंदेला फोन केला. नणंद आधी हसली, मग "अगंबाई" म्हणाली, आणि मग फोन दादाकडे द्यायला सांगितलं. पूलबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी नळ मुद्दाम मोठा सोडला.

पुढचं काम रटाळ होतं. लेख छापणाऱ्या संपादकांना चूक कळवली. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, कोरडं पण सभ्य. मुदतीचा अर्ज केला. तो देताना खिडकीतल्या कारकुनाने "अजून?" असं विचारलं आणि पूलबाईंनी "अजून" असं सांगितलं. मुख्य प्रकरण काढून टाकलं. नव्या प्रकरणाला बराच वेळ गेला, कारण आता सांगायचं होतं ते आधीपेक्षा लहान होतं, आणि लहान गोष्ट फुगवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. इतिहासाच्या सरांनी वाचून "आता बोलतोय पूल" एवढंच म्हटलं. म्हणजेबाईंनी समासात एका ठिकाणी लिहिलं होतं, "खुंटी कुठे ठोकायची हे माहीत असणं, हेही गणितच की. म्हणजे?" त्याचं उत्तर देण्यात पूलबाईंची आणखी काही पानं गेली आणि पूर्ण उत्तर शेवटपर्यंत जमलं नाही. तसं त्यांनी प्रबंधात लिहून टाकलं.

मौखिक परीक्षा एका दमट दुपारी झाली. बाहेरच्या परीक्षकांनी मापांच्या अचूकतेबद्दल बरंच खोदून विचारलं. पूलबाईंनी दोर, काठी, अदलाबदल सगळं सांगितलं, पहिल्यांदा मापं का टाकली तेही. परीक्षकांनी मान डोलावली. पदवी मिळाली. टाळ्या आधीच्या व्याख्यानापेक्षा कमी पडल्या.

बांधलेली एक प्रत त्यांनी दुकानात नेली. गिऱ्हाईक नव्हतं. नवऱ्याने काउंटरवर औषधांच्या खोक्यांमध्ये जागा करून ती उघडली आणि पद्धतीचं प्रकरण शोधून काढलं. तिथे लिहिलं होतं : "दोर ताणून धरण्याचे काम प्रथम एका व्यक्तीने व नंतर दुसऱ्या व्यक्तीने केले. दोन्ही वेळी मापे जुळली. पहिल्या वेळी दोर पूर्ण ताणलेला होता, हे येथे स्पष्टपणे नोंदवले आहे."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"व्यक्ती," ते म्हणाले. "नवरा लिहायला शाई कमी पडत होती का?"

"प्रबंधात नवरा नाही लिहीत."

"मग सैल म्हणताना बरा नवरा होता."

पूलबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसकण मारली. नवऱ्याने काउंटरवरचं पेन उचललं, "व्यक्ती" या शब्दावर बारीक अक्षरात "नवरा" असं लिहिलं आणि प्रत मांडणीत ठेवली, रोज हाताशी येतील अशा औषधांच्या फळीवर.