सिंगापुरातली येळवस

यंदा माय माझ्यामुळे सिंगापुरात अडकली, हे आधीच सांगून टाकतो. ती दिवाळीआधी चाकूरहून आली होती आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आत परत जाणार होती. मध्येच बायकोला नवी नोकरी लागली. मुलीच्या शाळेला सुट्टी, घरात दिवसभर कोणीतरी हवं होतं. मी मायला न विचारता तिचं तिकीट पुढं ढकललं आणि मग सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग माझी येळवस?"

लातूरकडच्या माणसाला हे समजावावं लागत नाही; बाकीच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. वेळ अमावस्येला आमच्याकडे बाजार बंद पडतो आणि सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे. जेवणाला भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची मिसळीची भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ज्वारीच्या पिठाची आंबवलेली पातळ आंबील. आधी उभ्या पिकावर आंबील शिंपडायची, मग जेवायचं, आणि बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून बसवायचं. त्या दिवशी तुम्ही कोणाच्याही शेतात शिरा, का आलात असं कोणी विचारत नाही. मायची ती कधी चुकली नव्हती. वडील गेले त्या वर्षीही तिनं केली होती.

मी ठरवलं, इथंच करायची.

इथल्या माझ्या राहण्याबद्दल थोडं सांगायला हवं. कामावरून आलो की बिल्डिंगखालच्या खाणावळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो, बीअर घेतो, बरोबर चिकन-भात. माय वरून खिडकीतून बघते. मी लपवत नाही, पण प्रत्येक घोटाला ती खिडकी आठवते. शनिवारी मराठी मंडळींत व्हिस्की. बाकी आठवडा सॉरी म्हणण्यात जातो. लिफ्टमध्ये धक्का लागला, सॉरी. फोनवर मोठ्यानं बोललो, सॉरी. फोडणीचा वास जिन्यात गेला तरी सॉरी.

यंदा अमावस्या नेमकी याच मंडळींच्या वर्षअखेरच्या पार्टीच्या दिवशी आली. मी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, दुपारी आमच्याकडे येळवस आहे, या. उत्तरं लगेच आली. "आंबील? सिंगल माल्ट सोडून?" "ड्रेस कोड काय, धोतर का?" एकानं लिहिलं, "अरे, तुला मराठवाड्यातून बाहेर काढलं, पण तुझ्यातला मराठवाडा..." पुढं हसण्याची चित्रं. मी लिहिलं, मी पार्टीला येणार नाही. बायको म्हणाली, एवढं तोडून लिहायची काय गरज होती? अमावस्येच्या सकाळीच ती पार्टीच्या तयारीला निघून गेली. तिचंही चुकलं नव्हतं. माणसं लागतात परदेशात. पण मी लिहिलेलं पुसलं नाही.

आंबील राईस कुकरच्या भांड्यात आंबवली. भज्जीचे दाणे लिटल इंडियातून आणले, तुरीच्या शेंगा मात्र मिळाल्या नाहीत. राहिलं शेत. बिल्डिंगमागे रहिवाशांच्या भाजीचे वाफे आहेत. माय रोज तिथं फिरायला जायची आणि परत येऊन निकाल द्यायची, "वांगं बरं हाय, पर मालक पानी लई देऊन राहिलाय."

दुपारी आम्ही तिघं खाली गेलो. मुलीनं सतरंजी टाकली. मायनं बागेतलेच दगड उचलून मांडले, कडब्याऐवजी खोक्याचा पुठ्ठा वर आडवा ठेवला. मग पदर खोचून भांड्यातली आंबील पळीनं वाफ्यांवर शिंपडायला लागली. "ओलगे, ओलगे" हा शिंपडताना द्यायचा पुकारा; तिचा एवढा मोठा आवाज मी सिंगापुरात पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात वाफ्याचा मालक आला. वरच्या मजल्यावरचा म्हातारा चिनी गृहस्थ, अर्धी चड्डी, हातात झारी.

"ए! काय ओतताय? ही माझी भाजी आहे!"

माझ्या तोंडात सॉरी आलं होतं. गिळलं. इंग्रजीत म्हणालो, "माझी आई तुमच्या पिकाला जेवू घालतेय, अंकल. तुम्हीही बसा."

"परवानगी घेतली?"

"नाही."

"मी तक्रार करीन."

"करा. जेवून करा."

"काय म्हनून राहिलाय त्यो?" मायनं विचारलं.

"म्हणतोय, पीक माझं हाय."

"हाय की मंग त्याचं! म्या काय उपटून नेऊन राहिले? बस म्हनाव. मालकाबिगर येळवस व्हती का कुठं?"

मी ते तसंच सांगितलं. माय त्याच्याकडे न बघता त्याचं ताट वाढायला लागली होती. तो झारी खाली ठेवून बसला. त्यानं आंबिलीचा वास घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"दारू आहे?"

"नाही. आंबलेली आहे, पण चढत नाही."

"मग प्यायची कशाला?"

मायला हे सांगितल्यावर ती उंडा मोडता मोडता हसली. "तुझाच भाऊ दिसतोय."

भज्जी मात्र त्यानं दोनदा घेतली. बागेत बसून जेवायचं नसतं, असं रखवालदार येऊन सांगायला लागला. मी म्हणालो, जेवण होईल तेव्हा उठू. माय त्यालाही बस म्हणाली. तो बसला नाही, पण त्यानं हाकललंही नाही.

हात धुताना माय म्हणाली, "झाली. ग्वाड झाली." आणि त्याच सुरात, "आता माझं तिकीट काढ. हिथली येळवस तुझी हाय. माझी तिकडं हाय."

मला वाटलं होतं, हे केलं की ती राहील. खरं तर त्यासाठीच केलं होतं, निदान थोडं. तिला ते आधीच कळलं असावं.

वर येऊन मी तिकीट काढलं. संध्याकाळी बायको पार्टीवरून आली, तिला सांगितलं.

"मला विचारायचं तरी."

"तुला विचारलं नाही. पुढं ढकलताना मायलाही विचारलं नव्हतं."

"आणि मुलीकडं कोण बघणार?"

"मी. शाळा उघडेपर्यंत रात्रपाळी मागून घेतो."

"साहेब देईल?"

"द्यावी लागेल," मी म्हणालो आणि तिच्यासमोरच साहेबाला फोन लावला.