सिस्टरच्या कॉम्प्युटरमधली गाणी

गल्लीत सगळे त्याला इंजिनियर म्हणत. खरं तर तो आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुटे भाग देत-घेत आला होता. कुणीतरी एकदा चुकून इंजिनियर म्हटलं, त्याने खोडून काढलं नाही, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली. पंख्याचा कंडेन्सर बदल, मिक्सरचं बटण बसव, एवढ्यावर निभावून जायचं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. सोबत तिची धाकटी बहीण. घशाच्या ऑपरेशनमध्ये धाकटीचा आवाज कायमचा गेला होता. सिस्टरचा कॉम्प्युटर आता पार थकला होता. सुरू करून अख्खी भाजी निवडून व्हायची, तरी पडदा काळाच.

"इंजिनियर, बघा ना जरा याच्याकडे."

"नवी सिस्टीम टाकू. फुकट मिळते, हलकी असते, जुन्या मशीनवरही पळते," तो म्हणाला. हे त्याने एका व्हिडिओत ऐकलं होतं, तेही अर्धवट.

त्याने ती सिस्टीम भरून आणलेला पेनड्राइव्ह लावला. आधी ती न बसवता नुसती चालवून पाहायची सोय होती. चालवली, तर मशीन खरंच तरतरीत झालं. धाकटीने टाळ्या वाजवल्या. तिथेच थांबायचं, पण कौतुकाने त्याच्या अंगात वारं शिरलं. कायमची बसवायला घेतली तेव्हा पडद्यावर लांबलचक सूचना आली. त्याला ती धड कळली नाही.

"काय विचारतंय?" सिस्टरने विचारलं.

"नेहमीचंच," म्हणत त्याने होकार दाबला.

काम झालं. चहा झाला. मग सिस्टर म्हणाली, "आता हिची गाणी लावा. ऑपरेशनच्या आधी घरीच रेकॉर्ड करून ठेवली होती. दुपारी ऐकते ती."

त्याने शोधाशोध केली. कुठे काही नव्हतं. त्या सूचनेत डिस्क कोरी होईल असंच लिहिलेलं असणार.

"डिस्क आधीच गेलेली होती," तो म्हणाला. "जुनी मशीनं अशीच दगा देतात."

धाकटी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुमचा काय दोष, अशा अर्थाने. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

पुढचे काही दिवस तो जिन्यावर चाहूल घेऊन उतरायचा. सिस्टर मात्र भेटेल त्याला सांगायची, "इंजिनियरने मशीनचं सोनं केलं. रोज सिनेमे उतरवून बघतोय आम्ही." शेवटी त्याला अन्न गोड लागेना. एका सकाळी तो खाली गेला.

"सिस्टर, डिस्क चांगली होती. मी पुसली, न वाचता. आणि मी इंजिनियर नाही. स्टोअरला होतो."

सिस्टरने चष्मा काढून पुसला. "हे त्याच दिवशी का नाही बोललात?"



दोघांनी डिस्क दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने दोन दिवस खटपट केली. "पुसल्यावर लगेच बंद करून आणलं असतं तर बरंच हाती लागलं असतं," तो म्हणाला. "नंतर वापरत राहिलात, त्यात जुनं दबून गेलं."

म्हणजे चूक एक वेळ परवडली असती, थापेने घात केला. परतताना तो सिस्टरच्या एक पाऊल मागून चालत होता.

दोन गाणी मिळाली. दुसरं मध्येच तुटत होतं. सिस्टरने ती लावली तेव्हा तो दारातूनच निघाला. धाकटीने त्याला खुणेने थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफीही नव्हती. तो बसला. तिचा मोकळा, तरुण आवाज खोलीत भरला. गाणं तुटलं तिथे धाकटीचे ओठ पुढचे शब्द नुसतेच म्हणत राहिले, आणि त्याची मान काही वर झाली नाही.