दोन इवायांची निवडणूक

इवाई म्हणजे व्याही. जन्मभर शाळेत प्रमाण मराठी शिकवूनसुद्धा माझी जीभ त्या शब्दाकडे वळत नाही, इवाईच येतो तोंडात. तर माझा धाकटा भाऊ आणि त्याचा इवाई, या दोघांनी इंग्लंडमधल्या एका गावात आपल्याच हातानं आपलं वाटोळं कसं करून घेतलं, ते मला सांगायचं आहे. मला दोघांचाही राग आहे. तो झाकून लिहिणं मला जमणार नाही.

भाऊ अकोल्याच्या जुन्या शहरातला, दुसरा तेल्हाऱ्याचा. नर्सिंग शिकताना दोघं एका खोलीत राहिले, एका भगोन्यात खिचडी शिजवून जेवले, आणि इंग्लंडच्या एकाच इस्पितळात नोकरीला लागले. घरंही एकाच गल्लीत घेतली. पक्षही एकच धरला, तिथला कष्टकऱ्यांचा म्हणवणारा, मध्यापासून जरा डावीकडचा मोठा पक्ष. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की मोर्च्यात न्यायचे. पुढे भाऊ तिथं वार्डाचा नगरसेवक झाला, आणि त्याच्यासाठी बर्फात दारोदार फिरणारा पहिला माणूस तेल्हाऱ्याचाच होता.

इथं आमच्या निळ्या झेंड्याच्या चळवळीचे गट पडले, गटांचे पुन्हा गट पडले, ते दोघांनी पोरवयात पाहिलं होतं. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, इथं तसं नाई. भांडतात, पण घरात राहून भांडतात." मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

मग बऱ्याच वर्षांनी त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि तिथंही तेच सुरू झालं. अपंगांच्या भत्त्याला कात्री लावायची ठरली, तर पक्षाचेच खासदार उलटले. डावीकडचे म्हणू लागले, हा पक्ष आपला राहिला नाही. नेत्याच्या बाजूचे म्हणू लागले, ज्याला पटत नाही त्यानं चालतं व्हावं. काहींनी वेगळी चूल मांडली. आणि तिकडे "बाहेरून आलेल्यांना परत पाठवा" म्हणणारा पक्ष फुगत चालला होता. भावाच्या वार्डात मागच्या वेळी दुसरा नंबर त्याच पक्षाचा होता. भावाची जागा गेली तर कोणाच्या घशात जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या वार्डात म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तेल्हाऱ्याचा सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन त्यांचं बीपी पाहायचा, त्यांच्याशी पत्ते कुटायचा. नगरपालिकेनं ते बंद करायचं काढलं. तिथं बहुमत यांच्याच पक्षाचं, आणि पक्षानं आदेश काढला की सगळ्यांनी बंद करण्याच्या बाजूनं हात वर करायचा. भावानं केला.

"काहून केला रे?" मी विचारलं.

"विरोधात गेलो असतो तं पक्षानं काढलं असतं. मंग बाहेर बसून कोनाचं भलं करू?"

तेल्हाऱ्याच्यानं पक्ष सोडला आणि वेगळी चूल मांडणाऱ्यांकडे गेला. तोपर्यंत भावाचा पोरगा आणि त्याची पोरगी यांचं लग्न ठरलेलं होतं, अमरावतीत हॉल घेतलेला होता. पोरांनी एकमेकांना स्वतः पसंत केलं होतं, म्हणून मोडायची भाषा कोणी केली नाही.

आता आमच्याकडची एक खोड सांगते. लग्नात वंदना होते, पंचशील होतं, वधूवर उभे राहतात आणि कोणीतरी माइक हातात घेऊन "दोन शब्द" बोलायला माणसं बोलावतो. पुढारी, साहेब, मामा, फूफा, एकेकाचे दोन शब्द अर्धा तास चालतात. पोरं माळा धरून ताटकळतात. इतक्या वर्षांत कोणाला वाटलं नाही की हा माइक जरा दूर ठेवावा. त्या दिवशीही कोणाला वाटलं नाही. मी सुद्धा पहिल्या रांगेत शालू नेसून बसले होते.

तेल्हाऱ्याच्याला बोलावलं. सुरुवात बरी केली. आईवडिलांची आठवण काढली, डोळे पुसले. आणि मग म्हणाला, "जो हात म्हाताऱ्यांचं घर बंद करायले वर झाला, त्याच हातात मी आज मायी पोरगी देऊन राहिलो."

भावानं त्याच्या हातातून माइक ओढला. "पक्ष फोडणाऱ्यानं मले शिकवू नये! तुह्यासारख्यांनीच इथं वाटोळं केलं, आता तिथं करून राहिले!"

बापा रे! इंग्लंडातलं केंद्र कोणाला ठाऊक? पण पक्ष आणि फोडणं हे दोन शब्द अमरावतीच्या हॉलमध्ये पडले, बस. एका कोपऱ्यातून एका गटाची घोषणा आली, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्या गटाची. कोणाच्या तरी काकानं खुर्ची उचलली. मी उठून माइकची वायरच उपटली. "लाज नाई वाटत का रे!" म्हणून ओरडले, तर दोघं माझ्याकडे पोरासारखे पाहत राहिले. नवरी हातात माळ धरून उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बापाकडे पाहत होती. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या, सगळे परत गेले. एकाच गल्लीत राहून दोघं बोलेनासे झाले. मग कळलं, मे महिन्याच्या निवडणुकीत तेल्हाऱ्याचाही उभा राहतो आहे, भावाच्याच वार्डात.

मी आधी त्याला फोन लावला. "अरे बावा, तुमची मतं फुटतील, तो 'परत पाठवा'वाला तिसरा येईन ना!"

"तिसरा येत नसते ताई. हा वार्ड आपलाच हाय. चूप बसलो तं मले आरशात पाहता येनार नाई."

भावाला लावला. "तू तरी माघार घे."

"माघार घेतली तं पक्ष म्हनन, घाबरला. आन् तिसरा येत नसते ताई, हा वार्ड आपलाच हाय."

दोघांच्या तोंडी तेच वाक्य होतं. एका भगोन्यात जेवलेले होते ना. मी फोन आपटला.

तिसरा आला. दोघांची मतं मिळवली असती तर तो कुठल्या कुठे पडला असता.

पुढच्या आठवड्यात सूनबाईचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. म्हणाली, "आत्या, नवीन नगरसेवक दारावर आला होता. हसून बोलला. पोटाकडे बघून अभिनंदन केलं, आणि विचारलं, तुमचं परत जायचं कधी ठरलंय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी इथेच जन्मले, या मागच्या इस्पितळात. तर म्हणाला, हो, तसं सगळेच सांगतात." मग म्हणाली, "आत्या, मला भीती वाटते. आणि इथे कोणाला सांगू ते कळत नाही."

मला राहवलं नाही. भावाला फोन लावून सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडेल. मला वाटलं, आता उठून चप्पल घालेल आणि गल्ली ओलांडून त्याच्या दारात जाईल. मनातल्या मनात मी म्हणत होते, जा रे माह्या राजा, जा.

मग तो म्हणाला, "पाह्य ताई, तिच्या बापानं काय करून ठेवलं."

तेल्हाऱ्याच्याला मी फोन केला नाही. तो काय म्हणेल हे मला ऐकायचं नव्हतं.