कोमट बॉनेट

आम्हाला जुनी गाडी विकत घ्यायची होती. पाहिलेल्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर मी सहज हात ठेवला, तर ते कोमट लागलं. आणि मालक तर सांगत होता, "आठवडाभर गाडी जागची हललेली नाही." थंड डिझेल इंजिन सुरू होताना किती कुरकुरतं ते कळू नये, म्हणून आम्ही यायच्या आधीच त्याने ते तापवलं असणार. मी नवऱ्याला खुणेनंच निघायला सांगितलं.

दुसरी गाडीही डिझेलचीच, एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी ती आमच्यासमोर सुरू केली. खोकत, धूर सोडत ती सुरू झाली. "सकाळी जरा त्रास देते. मागचं दारही जोरात ओढावं लागतं," ते म्हणाले. गुडघेदुखीमुळे सोबत आलेल्या सासूबाईंना उंच सीट हवी होती. त्या आत बसून निवांत टेकल्या.

माझं मन मात्र मानेना. एवढे दोष आपणहून सांगतोय, म्हणजे मोठा दोष लपवत असेल का? खोट्याच्या दारात जागा झालेला संशय खऱ्याच्या दारातही आपल्यासोबत येतो.

"अपघात खरंच झालेला नाही ना?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

त्यांनी चावी खिशात टाकली. "माझी बायको आजारपणात याच गाडीतून फिरली. तुम्हाला द्यायची की नाही, विचार करून कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुमच्या सासूबाईंना बसायला बरं वाटलं का?"

"हो."

"मग घेऊन जा."

का, ते मी विचारलं नाही.