पट्टीवरचे दोन ढग

होस्टेलच्या मेसमध्ये हृदयरोग विभागाची मंडळी बोलू लागली की टेबल गंभीर होते. आम्ही कान-नाक-घसावाले नुसते येऊन बसलो, तरी लोक आधीच हसायला लागतात! शिवाय पंजाबातले सध्याचे दहशतवादाचे दिवस असे की सकाळच्या वर्तमानपत्रातले काहीही जेवताना बोलण्यासारखे नसते. मग कोणीतरी म्हणते, "चलो यार, नाक की सुनाओ." अशाने किस्से साठत जातात. मी नगरची, शिस्तीने नोंदी करणारी मुलगी. त्यामुळे जे स्वतः पाहिले किंवा थेट पेशंटकडून ऐकले, तेवढेच सांगते.

•

आमच्या सरांचा एक नियम आहे. नाकात उपकरण घालण्याआधी जीभ दाबायची स्टीलची पट्टी गार करायची आणि पेशंटच्या नाकाखाली आडवी धरायची. श्वास सुटला की पट्टीवर वाफेचे दोन ढग उमटतात. ढग लहान असेल त्या बाजूचे नाक चोंदलेले.

पहिल्याच महिन्यात माझे आणि बलजीतचे भांडण झाले. बलजीत माझा सहाध्यायी, लुधियान्याचा. एकाच पेशंटची मी सकाळी डावी बाजू बंद लिहिली आणि त्याने दुपारी उजवी. दोघेही हट्टाने सरांकडे गेलो.

सर म्हणाले, "दोघांचेही बरोबर. निरोगी नाकातसुद्धा दोन्ही बाजू सारख्या उघड्या नसतात. एक काम करते तेव्हा दुसरी विसावते, काही तासांनी बदली होते. जन्मभर."

मी थक्क होऊन स्वतःच्याच नाकाला हात लावला. इतकी वर्षे ही बदली माझ्या चेहऱ्यावर चालू होती आणि मला पत्ता नव्हता!

बलजीत हळूच म्हणाला, "देखो मॅडम मराठा, नाक को भी ऑफ मिलता है. बस हमको नहीं!"

•

गुरमेल सिंग बसड्रायव्हर. राहायला मनीमाजऱ्याच्या एका अरुंद गल्लीत. भरदार माणूस, पण तोंड सतत उघडे, कारण नाकाने श्वास येतच नव्हता. आत द्राक्षांच्या घडासारखे मऊ फुगवटे दाटले होते, पॉलिप म्हणतात ते. आणि मधला पडदाही वाकडा.

त्याच्या घोरण्याची कीर्ती त्याने स्वतःच सांगितली. सध्या बऱ्याच वस्त्यांत पुरुष पाळीपाळीने रात्रीचा पहारा देतात. गुरमेलही काठी घेऊन निघाला, तर शेजाऱ्यांनी त्याला हात जोडून परत पाठवले.

"बोले, भाईसाहब, तुम सो जाओ. पूरी गली अपने आप जागती रहेगी!"

सगळी ओपीडी हसली. त्याची बायको जसबीर मात्र हसली नाही. ती म्हणाली, घोरणे मध्येच थांबते. छाती हलते, पण हवा येत नाही. मग हिसका बसून पुन्हा सुरू. ती तोपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसते. आणि अशी झोप झाल्यावर हा माणूस दिवसा चालत्या बसमध्ये पेंगतो. पिंजौरच्या अलीकडे बस रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली होती. कोणाला लागले नाही, पण त्याने स्वतःच डेपोत जाऊन किल्ली ठेवली: बरा होईपर्यंत गाडी नको.

"डॉक्टरजी," ती म्हणाली, "आजकल औरतें मर्द के घर लौटने तक डरती हैं. लौट आया तो सो जाती हैं. मेरा डर तो इनके लौटने के बाद शुरू होता है."

मी केस पेपरवर 'श्वास मधूनमधून थांबतो' असे लिहिले. नेमके तेवढेच लिहायचे असते.

•

गुरमेलला नाक मोकळे करणाऱ्या थेंबांचे व्यसन होते. हे थेंब फार दिवस घातले की उलटे नाक अधिकच चोंदते, मग आणखी थेंब! त्याच्या सगळ्या खिशांत बाटल्या.

एकदा चेकपोस्टवर झडती झाली. जवान दक्षिणेकडचा, नवा. एवढ्या छोट्या बाटल्या बघून त्याने बंदूक सावरली. "ये क्या है? डालके दिखाओ!"

गुरमेलने दोन्ही हात वर ठेवूनच विचारले, "हाथ नीचे करूँ तो डालूँ जी?"

परवानगी मिळाली. त्याने मान मागे टाकून थेंब घातले. जवान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. तो स्वतः कित्येक दिवस त्या रस्त्याच्या धुळीत उभा होता. शेवटी इकडेतिकडे बघून त्याने हेल्मेट मागे सारले आणि मान वर केली.

"इधर भी. दो-दो बूँद."

•

शस्त्रक्रियेच्या दिवशी शहरात बंद होता. सर पायी आले. आमच्याकडे ही शस्त्रक्रिया बहुधा नाक बधिर करूनच होते, पेशंट जागा असतो. गुरमेल एवढा घाबरला होता की मोठमोठ्याने नामस्मरण करत होता.

एका बाजूचे पॉलिप निघाले, आणि नामस्मरण थांबले.

मी वाकून पाहिले. तो झोपला होता! तोंड मिटलेले. आधी गुंगीचे इंजेक्शन दिलेले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण मोकळ्या झालेल्या नाकपुडीतून एक संथ, सरळ आवाज येत होता.

सरांनी चिमटा धरलेला हात वर केला. रक्त घशात उतरण्याआधी त्याला उठवणे भाग होते, आणि ते कोणालाच करवत नव्हते.

"ऐका," सर कुजबुजले. "हा आवाज पुस्तकात छापता येत नाही."

मग त्यांनी गुरमेलच्या खांद्यावर थोपटले. "उठो बादशाहो. दूसरी तरफ़ बाकी है."

•

नाकात भरलेला कापडी पॅक काढला त्या सकाळी गुरमेलने तोंड मिटून पहिला पूर्ण श्वास घेतला. आणि एकदम दचकून माझ्याकडे पाहिले.

"मॅडमजी, हवा ठंडी होती है?"

मी 'हो' म्हणाले.

सरांनी गार पट्टी त्याच्या नाकाखाली धरली. दोन ढग, जवळपास सारखे. जसबीर ओढणी सावरून पुढे आली आणि ते विरेपर्यंत पट्टीकडे पाहत राहिली. "ये साँस है?" तिने विचारले. "दिखती भी है?"

•

नाक मोकळे झाले म्हणजे घोरणे जातेच असे नाही, हे मी दोघांनाही आधीच बजावले होते. पण गुरमेलचे गेले. पुढच्या तपासणीला तो दाढी नीट बांधून आला. दिवसा पेंग येत नव्हती, डेपोने किल्ली परत दिली होती. शिवाय गल्लीने त्याला पहाऱ्याची पाळीही लावली होती! "अब कहते हैं, तू सो गया तो पता ही नहीं चलता!"

डोळे लाल होते ते जसबीरचे.

"एक ही शिकायत है जी," गुरमेल म्हणाला. "रोज रात को नाक पर कुछ ठंडा लगता है. नींद खुल जाती है."

सरांनी जसबीरकडे पाहिले. तिने खाली मान घालून पिशवीतून स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा चमचा काढला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"अब आवाज़ ही नहीं आती, डॉक्टर साब."

बलजीत हसला नाही. सरांनी चमचा हातात घेऊन उजेडात धरला.

"दोनों तरफ़ बराबर आती है?"

"हाँ जी, बराबर. रोज़ बराबर." तिने चमचा परत घेऊन फडक्यात गुंडाळला. "फिर भी एक बार और देख लेती हूँ."